तीन पायांचं यान आणि गेनबातात्या

"तोंड उघडू नका त्याचं! अहो, तोंड उघडू नका! ते तोंड नाहीये!"

माझे मेहुणे अविनाशराव हे वाक्य इतक्या जोरात ओरडले, की बारामतीतल्या त्या कॉलनीत समोरच्या तीन बंगल्यांतल्या माणसांनी घाबरून आपापली तोंडं मिटून घेतली. गेनबातात्यांवर मात्र काडीचा परिणाम झाला नाही. ते दिवाणखान्यात गालिच्यावर उकिडवे बसले होते. डाव्या हातात त्यांनी हातभर लांबीच्या एका चंदेरी अंतराळयानाचा जबडा धरला होता आणि उजव्या हाताचा अंगठा आत घालून ते दात मोजत होते.

"दोन दाती हाय," तात्या म्हणाले. "पर कुणीतरी कानस मारलीया. वय लपिवलंय."

"तो क्षेपणास्त्रांचा कक्ष आहे!"

"आसंल. पर दातं दोनच हायती."

आता हे तात्या कोण, यान कुणाचं, आणि त्याचे दात मोजायची पाळी कुणावर आणि का आली, हे सांगायला हवं. पाळी माझ्यामुळे आली. माझ्या हातून आजवर ज्या थोर गोष्टी घडल्या आहेत, त्यांत हिचा क्रमांक बराच वरचा लागेल.

गेनबातात्या लासुर्ण्याचे. वय विचारलं तर "माझं दात बघा" म्हणतात आणि तोंडात दात एकही नाही. त्यांचा धंदा बैलाच्या पारखीचा. शहरातल्या वाचकाला वाटेल, बैलात पारखायचं काय? चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, मोजलं की झालं. असं वाटणाऱ्या माणसाला आमच्या भागात पूर्वी आंधळे बैल विकलेत, बहिरे बैल विकलेत, आणि एकाला तर गाय विकलेली आहे. तो पोळ्यापर्यंत तिला औताला जुंपत होता.

विकणारे काय काय करायचे! शिंगं तासायचे, तेल-काजळी लावून काळी करायचे, खांद्यावरची जुनी जखम रंगवायचे, म्हातारा बैल खाऊन-पिऊन तयार करून नवरदेवासारखा उभा करायचे. अशा वेळी इंदापूर तालुका आणि निम्मा बारामती तालुका एकाच माणसाला बोलवायचा. तात्या यायचे, डोळे मिटून जनावराच्या अंगावरून अंगठा फिरवायचे आणि खोडी सांगायचे. एकदा इंदापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेले असताना, मागच्या रस्त्यानं गेलेल्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून त्यांनी सांगितलं, "उजव्या बैलाच्या मागल्या खुरात खडा हाय." लोकांनी पळत जाऊन गाडी थांबवली. खडा निघाला. काही जण म्हणतात गाडीवाल्याच्याही चपलेत खडा निघाला. मी तिथं नव्हतो, पण मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता मला तो खडा दिसतो.

पारखीचे त्यांचे कायदे होते. एक, तपासणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. दोन, खोडी सांगायच्या त्या दारात उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जातील अशा. आणि तीन, खोडी सांगून होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. "पाणी पिलं की माणूस मिंधा हुतो," असं ते म्हणायचे. मे महिन्यात, उन्हातून चार कोस चालत येऊन, घसा कोरडा ठणठणीत असताना त्यांनी समोर आलेला तांब्या बाजूला सारल्याचं मी स्वतः पाहिलंय. बैल बघून झाला, पाच खोडी सांगून झाल्या, मालकाचं तोंड उतरलं, मग म्हणाले, "हं, आना आता पाणी." मालक म्हणाला, "इहिरीवर हाय, घ्या जाऊन."

त्यांना आधी जाऊन फितवावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. एका गावच्या सरपंचानं त्यांच्या कानात सांगून पाहिलं, तात्या, एवढी एक खोड सांगू नका. तात्या दारात उभे राहिले आणि ओरडले, "बैलाला तीन खोडी. सरपंचाला येक."

तर असा माणूस. पुढं काय झालं, ट्रॅक्टर आले. नव्वद सालानंतर तर असे आले, की ज्याच्या दारात दोन कोंबड्या त्याच्याही दारात ट्रॅक्टर. दावणी रिकाम्या झाल्या. बैलांची गरज संपली, पण तात्यांच्या अंगठ्याला ते कुणी कळवलं नाही. मग समोर जे येईल ते तात्या पारखायला लागले. बाजाराच्या दिवशी इंदापुरात यायचे आणि माझ्या स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. नवी एसटी आली, तिच्या बुडाखाली वाकून म्हणाले, "खांद्यात बसकी हाय. भिगवणच्या चढाला जीभ काढंल." मी झेरॉक्सचं यंत्र आणलं. तात्यांनी तासभर निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "कागूद खातंय आन् कागूदच टाकतंय. अंगी कायच लागत न्हाय. इकून टाक." माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर त्यांनी मांडवात नवरदेवाला हटकलं, "जरा चालवून दावा." पाहुणे हसले, नवरदेव चालला. तात्या म्हणाले, "मागनं ढिला हाय." लग्न झालं. जावईबापू आता पंचायत समितीत आहेत आणि मागनं ढिलेच आहेत.

हे झालं तात्यांचं. आता अविनाशराव.

अविनाशराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शैलाचे, यजमान. बारामतीत एका कारखान्यात इंजिनिअर. सगळं जग त्यांना तांत्रिकदृष्ट्या दिसतं. आमटी गार आहे असं ते म्हणत नाहीत. "तांत्रिकदृष्ट्या ही आमटी अपेक्षित तापमानाच्या खाली आहे," असं म्हणतात आणि तोवर ती आणखी गार होते.

त्या दिवसांत रविवारी सकाळी टीव्हीवर 'गगन-गस्त' नावाची एक परदेशी मालिका लागायची. हिंदीत बोलणारी गोरी माणसं घट्ट चंदेरी कपडे घालून भिंतीवरची बटणं दाबायची आणि दर पाच मिनिटांनी एकजण किंचाळायचा, "कप्तान, ढाल टूट रही है!" आमच्या इंदापुरात नेमकी त्याच वेळी वीज जायची, त्यामुळे ती ढाल शेवटी तुटली का नाही, हे मला अजून माहीत नाही. अविनाशरावांना सगळं माहीत होतं. त्यांनी त्या मालिकेतल्या सोळा शास्त्रीय चुका काढून परदेशी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच पत्रातल्या दोन चुका काढून दुसरं पाठवलं.

त्या मालिकेतलं मुख्य यान 'वज्रपंख'. त्याची हुबेहूब प्रतिकृती अविनाशरावांच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी सिंगापूरहून आणून दिली. पोटाखाली क्रमांक कोरलेला. जगात असे फक्त पाचशे नग, त्यातला हा दोनशे सतरावा, असं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. मी विचारलं, "मग बाकीचे चारशे नव्व्याण्णव कुठल्या इस्पितळात असतात?" त्यावर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो महिना बरा गेला.

यान घरात आलं आणि शोकेसमधला लग्नाचा फोटो फ्रिजच्या मागे गेला. यानासाठी दोन ट्यूबलाइट लागल्या. हाताच्या घामानं त्याचं तेज जातं म्हणून त्याला कुणी शिवायचं नाही. अविनाशराव स्वतःसुद्धा शिवत नसत, काचेबाहेरून बघत. सोवळ्यातल्या देवाला निदान रोज आंघोळ तरी घालतात.

यात हसण्यासारखं खूप होतं, पण शैला हसत नसे. कारण आदल्या वर्षी तिनं 'गगन-गस्त'च्या एका माहितीपुस्तिकेवर चहाचा कप ठेवला होता. गोल डाग पडला. अविनाशराव ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. बावीस दिवस बाहेर जेवले आणि घरात फ्रिजवर चिठ्ठ्या लावून बोलले. 'दूध संपले आहे. अविनाश.' दोन माणसांच्या घरात खाली सही कशाला लागते, हे मला कळलं नाही. शैलाला कळलं होतं. बावीस दिवसांत ती सहा किलोनं उतरली.

आणि आता वज्रपंखाची भानगड झाली. अविनाशराव आठवडाभर प्रशिक्षणासाठी बंगळूरला गेले होते. परत येऊन बघतात तर यानाचं नाक खिडकीकडं असायचं ते फ्रिजच्या बाजूला जरासं कललेलं. त्यांनी कंपासपेटीतला कोनमापक लावून बघितला. तीन अंश. त्यांनी मला दुकानात फोन केला.

"तांत्रिकदृष्ट्या यानाला स्पर्श झालेला आहे," ते म्हणाले. "शैला नाही म्हणते. मी पुण्याहून माणूस बोलावून तपासून घेणार आहे. आत कुठं मोडतोड निघाली, तर ती खोटं बोलली असा अर्थ होईल. मग तिला काही महिने इंदापूरला घेऊन जा. किती महिने ते मी नंतर कळवीन."

ओरडले असते तर मी घाबरलो नसतो. पण ते आमटीचं तापमान सांगावं तसं सांगत होते.

इथं मला माझी थोर बुद्धी सुचली. मला वाटलं, यानाचं नाक ट्रक गेला तरी हलेल, शैलानं कशाला हात लावलाय? मेहुण्यांची जरा गंमत करावी. मी म्हटलं, "पुण्याहून कशाला? माझ्या ओळखीचे एक तज्ज्ञ आहेत. पन्नास वर्षांचा अनुभव."

"कशाचा?"

"चालत्या यंत्रणांचा."

"निकाल पक्का देतात?"

"आजवर एकदाही चुकलेले नाहीत, आणि कुणाच्या बापाला भीत नाहीत."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तीच तर पंचाईत झाली.

रविवारी सकाळी मी स्कूटर घेऊन लासुर्ण्याला गेलो. नऊ वाजता येतो म्हणालो होतो. तात्या फाट्यावर उभे होते. धुतलेलं धोतर, नवा पटका, हातात काठी. चहाटपरीवाला मला म्हणाला, "दिस उगवायच्या आधीपास्नं उभं हायती. मला चार येळा सांगितलं, बारामतीला पारखीला चाललोय म्हणून." दोन वर्षांत त्यांना कुणी पारखीला बोलावलं नव्हतं. मला क्षणभर कसंसंच वाटलं, पण मी गमतीच्या नादात होतो.

"खिलार हाय का?" मागे बसल्या बसल्या तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या. परदेशी आहे."

"जर्शी?"

"त्याच्याही पलीकडचं."

तात्यांनी बारामतीपर्यंत दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांचा अंगठा तेवढा माझ्या पाठीवर आपोआप फिरत होता. उतरताना म्हणाले, "तुझा मणका शेवटाला सरकलाय. बघून घे."

घरात शिरलो. शैलानं दारातच पाणी पुढं केलं. तात्यांनी नेहमीप्रमाणे हातानंच नको म्हटलं आणि गालिच्यावर बसले. अविनाशरावांनी हात धुतले, पांढरे हातमोजे घातले आणि शोकेसला परवाच लावलेलं कुलूप उघडलं. शैलानं माझी बाही धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"दादा, कुणाला आणलंस तू?"

"अगं, गेनबातात्या. लासुर्ण्याचे. गंमत बघ नुसती."

"बैलाचे? ते, जे जुना मार ओळखतात?"

तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. मी विचारलं, "काय झालं?"

"झाडताना काच सरकवली, तर पडलं," ती हळूच म्हणाली. "तुकडे झाले. मी डिंकानं चिकटवले. सांधा दिसत होता, म्हणून वरून नेलपॉलिश लावलं. चंदेरी." तिनं मला बोटं दाखवली. नखंही चंदेरी होती. "बाटली कशाला आणली विचारलं तर काय सांगायचं, म्हणून नखांनापण लावलं. दादा, ते परत चिठ्ठ्या लिहायला लागले तर मी वेडी होईन रे. आणि इंदापूरला आईला काय सांगू? खेळण्यापायी टाकली म्हणून?"

मला पहिल्यांदाच कळलं, की मी काय करून बसलो होतो. तालुक्यात एकच माणूस असा होता, की ज्याला डोळे मिटून सांधा कळतो आणि कळलेला सांधा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मी स्वतःच्या स्कूटरवर बसवून, स्वतःच्या खर्चानं, बहिणीच्या घरी आणला होता.

मी बाहेर धावलो. तोवर तात्यांनी यान हातात घेऊन त्याचा जबडा उघडला होता आणि अविनाशराव ओरडत होते.

दात मोजून झाले. तात्यांनी यान उलटं केलं.

"पाय तीनच?"

"तीनच असतात. उतरण्यासाठी तीन आधार पुरतात."

"कोन म्हनतंय?"

"कंपनी."

"म्हंजे इकणाराच की," तात्या म्हणाले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. "खातंय काय?"

अविनाशरावांचा राग जरासा निवळला. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. ते पुस्तिका उघडून सांगायला लागले, "ऊर्जास्फटिक. एक स्फटिक तीनशे वर्षं पुरतो."

"तीनशे वरसं येकच वैरण?" तात्यांना यानाची मनापासून कीव आली. त्यांनी ते फिरवून मागची नळकांडी बघितली. "आन् हितनं काय पडतं?"

"निळा प्रकाश बाहेर पडतो."

"निळा?"

"गडद निळा."

"मग प्वाट बिघडलंय त्येचं. वैरण बदला."

मी मोठ्यानं हसलो. एरवी मी हा संवाद वर्षभर सांगत फिरलो असतो. पण त्या वेळी मी हसत होतो ते आवाज व्हावा म्हणून. तात्यांचं लक्ष उडावं म्हणून मी खोकलो, शिंकलो, चहा हवा म्हणालो, शेवटी टीपॉयला पाय लावून फुलदाणी पाडली. तात्या म्हणाले, "ह्येला भाईर बांधा."

मग त्यांनी डोळे मिटले. आमच्या भागात हे डोळे मिटले की मालक देवाचं नाव घ्यायला लागायचा. यान मांडीवर आडवं घेऊन त्यांनी अंगठा नाकापासून फिरवत नेला. मान, पाठ, वशिंड असावं तिथली काचेची घुमटी. अंगठा मुंगीच्या चालीनं डाव्या पंखाकडं निघाला. पंखाच्या मुळाशी आला आणि थांबला.

एकदा मागं गेला. परत पुढं आला. तात्यांनी यान नाकाशी नेऊन वास घेतला. शिंगांना लावलेली काजळी ते अशीच वासावर पकडत.

अविनाशराव पुस्तिकेत पंखांचं पान शोधत होते. स्वयंपाकघराच्या दारात शैला चौकटीला धरून उभी होती. तात्यांनी डोळे उघडले. यानाकडं बघितलं नाही. सरळ दाराकडं बघितलं. शैलाच्या तोंडाकडं, मग चौकटीवरच्या तिच्या बोटांकडं, मग पुन्हा तोंडाकडं.

 मग म्हणाले,

"पोरी, जरा पाणी आन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अजून एक खोड सांगितली नव्हती. शैलालाही कळेना, ती जागची हलेना.

"तहान लागलीया. आन की."

शैला तांब्या घेऊन आली. येता येता निम्मं पाणी गालिच्यावर सांडलं. तात्या तांब्या वर धरून उरलेलं सगळं पाणी सावकाश प्याले. तळ दिसेपर्यंत. मिशा पुसल्या. यान अविनाशरावांच्या हातमोज्यांत दिलं, काठी टेकत उठले आणि बाहेरच्या दारात जाऊन उभे राहिले. समोरच्या तिन्ही बंगल्यांतली माणसं गॅलरीत जमलीच होती.

"जनावर तीन पायाचं हाय!" तात्या ओरडले. "दोन दाती. प्वाट पातळ. शेतीला उपेगाचं न्हाय. खोडी संपल्या. बाकी अंगानं साबूत. कुटं मार न्हाय, कुटं जोड न्हाय!"

मी टीपॉयवर बसलो. टीपॉय मोडला, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"पण मग नाक?" अविनाशराव म्हणाले. "नाक तीन अंश कसं फिरलं?"

"तुमी कितीक दिस घरी नव्हता?"

"आठ दिवस."

"आन् त्या थंडाव्याच्या कपाटाच्या पल्याड काय हाय?"

अविनाशरावांनी फ्रिजच्या दिशेला बघितलं. "दार आहे. बाहेरचं."

"मग झालं तर. मालक दिसंना झाला की जनावर मान फिरवतंय. वाट बघत आसंल बिचारं."

मी अविनाशरावांना बारा वर्षं ओळखतो. या वाक्यात किमान सोळा शास्त्रीय चुका होत्या आणि त्या काढायला ते पुरेसे तयारीचे होते. "तांत्रिकदृष्ट्या..." त्यांनी सुरुवातही केली. मग हातातल्या यानाकडं बघत राहिले. उजव्या हाताचा मोजा काढला आणि उघडं बोट त्याच्या नाकावरून एकदा फिरवलं. 

स्वयंपाकघरात शैला पोहे करत होती. मोहरीबरोबर तीही तडतडत होती, हसून का रडून ते मी बघायला गेलो नाही. तात्यांनी दोन बशा पोहे खाल्ले आणि पोहे साबूत असल्याचा निर्वाळा दिला. निघताना अविनाशराव फाटकापर्यंत सोडायला आले. आठवड्यानं शैलाचा फोन आला, की यान खिडकीकडं वळवलेलं नाही, दाराकडं तोंड करूनच ठेवलंय. लग्नाचा फोटो मात्र अजून फ्रिजच्या मागेच आहे. तेवढ्यानं अविनाशराव सुधारले असं मी म्हणणार नाही. मी खोटं बोलतो, पण मर्यादेत.

परतीच्या वाटेवर लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्याचा पूल लागतो. दुपारचे चार वाजले असतील. मी स्कूटर थांबवली.

"तात्या, खरं सांगा. डावा पंख जोडलेला होता ना?"

"डावा?" तात्या म्हणाले. "आरं, दोनी. आन् शेपूटबी. शेपूट तर पोरीनं उलटंच बशिवलंय. त्या शान्याला आजून उमगलं न्हाय."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"न्हाय."

"न्हाय कसं? दारात उभं राहून सांगितलंत, जोड न्हाय म्हणून."

"त्येच्या आधी पाणी पिलो हुतो की मी. पाणी पिल्यावर म्या पारखी ऱ्हात न्हाय. मग म्या पावणा. पावण्यानं चांगलंच बोलावं."

पन्नास वर्षांच्या कायद्याला त्यांनी असा दरवाजा काढला होता. मी कौतुकानं हसणार, तेवढ्यात ते कालव्याकडं बघत म्हणाले,

"बावड्याला माझी लेक दिलीया. हिरा. जावयानं खोंड घेतला, मला पारखीला बोलिवलं. ऊन लई हुतं. पोरगी आधी पाणी घिऊन आली. दोनदा म्हनली, तात्या, आधी पाणी घ्या. म्या म्हनलं, आधी खोड. डावा खांदा गेल्याला हुता. समद्या भावकीदेखत सांगितलं."

"मग?"

"खोंड पोरीनं पसंत केल्याला. पारख्याची लेक म्हणून त्यांनी तिलाच इचारलं हुतं. म्या खोंडाकडंच बघत हुतो. तिच्याकडं बघितलंच न्हाय." काठीनं त्यांनी पुलावरचा एक खडा बाजूला केला. "सासरची लई बोलली तिला. आजून बोलत्यात म्हनं."

"कधीची गोष्ट ही?"

"आकरा पोळं झालं. तवापास्नं तिकडं पाय न्हाय टाकला."

 मी स्कूटरला किक मारली.

"बसा तात्या. अजून ऊन आहे. इंदापूरवरून बावडा कितीसा लांब? अंधार पडायच्या आत जाऊन येऊ."

तात्या मागे बसले. पटका नीट केला, काठी मांडीवर आडवी घेतली.

"नगं. लासुर्ण्याला सोड."

"का?"

"पोरीनं आजून बोलावलं न्हाय."